जुन्या अमेरिकन विनोदी मालिका कशा बघाव्यात

सुनेच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेतल्या एडिसनला गेले ती जानेवारीत. पहिले दहा-बारा दिवस रात्री अडीच-तीनला टक्क जाग यायची. बाहेर बर्फ, घरात सगळे झोपलेले. मुलाने टीव्हीचा रिमोट हातात दिला आणि म्हणाला, "आई, बघ काय बघायचं ते, फक्त आवाज बंद ठेव हं." चॅनेल बदलता बदलता एक कृष्णधवल चित्र दिसलं. पांढऱ्या टोप्या घातलेल्या दोन बायका पट्ट्याजवळ उभ्या होत्या, पट्ट्यावरून चॉकलेटं सरकत येत होती आणि त्या एकेक उचलून कागदात गुंडाळत होत्या. एक शब्द ऐकू येत नव्हता. पाच मिनिटांनी मी तोंडात पदर कोंबून हसत होते.

साताऱ्यात तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि दरवर्षी संमेलनातली नाटकं बसवली. विनोदी नाटुकलं बसवणं किती कष्टाचं असतं ते मला माहीत आहे. त्यामुळे त्या सहा महिन्यांत मी या जुन्या मालिका वही घेऊन बघितल्या. आपल्यातले कितीतरी आईवडील मुलांकडे सहा-सहा महिने जाऊन राहतात आणि "त्यांचं इंग्रजी कळत नाही" म्हणून टीव्ही बंद करतात. त्यांच्यासाठी, आणि नाटकात काम करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीसाठी, मी कसं बघितलं ते इथे सांगते.

आधी आवाज बंद करा

मी बघितला तो 'आय लव्ह लुसी'चा 'जॉब स्विचिंग' नावाचा भाग, 15 सप्टेंबर 1952 चा. सुरुवात यानेच करा. नवऱ्यांशी पैज लागते की घर सांभाळणं अवघड की कमावणं, आणि लुसी आणि तिची शेजारीण एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला जातात. पर्यवेक्षक बाई बजावते की एक जरी चॉकलेट कागदाशिवाय पुढे गेलं तरी नोकरी गेली.

आता लुसीचं काम करणाऱ्या ल्युसिल बॉलचे हात बघा. पट्टा सुरू होतो तो अगदी संथ. ती एक चॉकलेट उचलते, नीट गुंडाळते, परत ठेवते. दुसरं. तिसरं. चेहऱ्यावर समाधान, हे तर सोपंच आहे. इथे ती घाई करत नाही. मग पट्ट्याचा वेग वाढतो. आधी फक्त हात भरभर चालतात, चेहरा तोच. मग एक चॉकलेट निसटतं आणि डोळे एथेलकडे जातात. मग एक तोंडात. बाई येतेय असं दिसताच टोपीत, पोलक्यात, आणि गाल फुगलेले. बाई आत येते, पट्टा रिकामा बघून खूश होते आणि वेग आणखी वाढवायला सांगते. त्या क्षणी दोघींच्या तोंडात इतकं भरलेलं असतं की ओरडायचीही सोय नाही.

वहीत मी लिहिलं होतं: शांत, घाई, चोरी, पकडलं जाण्याची भीती, शिक्षा. पायऱ्या पाच, आणि एकही गाळलेली नाही. आपली मुलं स्टेजवर पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारतात आणि मग हशा का येत नाही म्हणून रडवेली होतात.

याच भागात त्याआधी एक छोटा प्रसंग आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. लुसी एका बाईशेजारी बसून चॉकलेट बुडवायचं काम शिकते. ती शेजारची बाई अभिनेत्री नव्हती, खरोखरच चॉकलेटं करणारी कारागीर होती. लुसी चॉकलेटमध्ये हात बरबटून नसते चाळे करते आणि ही बाई मान वर न करता आपलं काम करत राहते. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. माशी बसली म्हणून लुसी तिच्या तोंडावर चापट मारते, तेव्हा ती तशाच चेहऱ्याने उलटी थप्पड लगावते. तो भाग मी दुसऱ्यांदा लावला तेव्हा लुसीकडे बघितलंच नाही, सगळा वेळ त्या बाईकडे बघत होते. लुसीचा वेडेपणा मोजायची पट्टी म्हणजे ती बाई. ती हसली असती तर सगळं मातीमोल झालं असतं.

माझी पद्धत इथेच ठरली. या मालिका बघताना बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे जास्त बघायचं.

मालिका लिहिणाऱ्या तिघांत मॅडेलिन प्यू ही एक बाई होती, हेही सांगायला हवं. लुसीला करायच्या अवघड करामती ती आधी स्वतः करून बघायची. कागदावर लिहिलेलं अंगाने जमतं का, हे तपासूनच ते तालमीत यायचं.

सत्तर वर्षांपूर्वीचं इतकं स्वच्छ कसं दिसतं

हा प्रश्न मला पहिल्याच रात्री पडला. 1951 मध्ये 'आय लव्ह लुसी' सुरू झाली तेव्हा बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित व्हायचे. दूरच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्यावरूनच चित्रीकरण करून ती फीत पाठवायचे, आणि ती अगदी धूसर दिसायची. ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. पुरस्कर्त्याला पूर्वेकडच्या प्रेक्षकांसाठी धूसर चित्र नको होतं. मग ठरलं की सिनेमासारखं 35 मिलिमीटरच्या फिल्मवर करायचं, पण खऱ्या प्रेक्षकांसमोर, नाटकासारखं सलग, तीन कॅमेरे एकाच वेळी लावून. प्रकाशयोजनेला कार्ल फ्रॉइंड आला. जर्मनीत 'मेट्रोपोलिस'चं छायाचित्रण करणारा हा माणूस. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच प्रकाशात चांगलं दिसलं पाहिजे, हे कोडं त्याने सोडवलं. खर्च वाढला म्हणून नवराबायकोने मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी मागितली. ती मागणी मान्य झाली. फिल्म हातात होती, म्हणूनच मालिका पुन्हा पुन्हा दाखवता आली.

बघताना याचा उपयोग असा की तुम्ही नाटक बघताय हे ध्यानात ठेवायचं. दिवाणखान्याला चौथी भिंत नाही. कोच प्रेक्षकांकडे तोंड करून आहे. दार कुठे, स्वयंपाकघर कुठे, हे पाच मिनिटांत पाठ होतं, आणि मग कोण कुठून एन्ट्री घेणार याची आपणही वाट बघायला लागतो.

मग सबटायटल, मग तेही काढा

दुसऱ्यांदा बघताना आवाज चालू करा आणि खाली इंग्रजी अक्षरं लावा. लुसीच्या नवऱ्याचं, रिकीचं, काम करणारा देसी आर्नाझ क्यूबाचा. चिडला की तो स्पॅनिशमध्ये सुटतो. ते समजायची गरज नाही, तिथल्या प्रेक्षकांनाही समजत नव्हतं.

सबटायटलची एक मोठी अडचण मात्र आहे. नट थांबलेला असतो, आणि तो पुढे काय बोलणार ते खाली आधीच उमटलेलं असतं. आपण वाचून मोकळे होतो आणि त्याच्या थांबण्यातली मजा हातची जाते. म्हणून शब्द एकदा कळले की तिसऱ्यांदा सबटायटल काढून बघायचं. एक भाग तीनदा, म्हणजे साधारण सव्वा तास. जाहिराती सोडल्या तर पन्नासच्या दशकातला भाग पंचवीस-सव्वीस मिनिटांचा असतो, नव्वदच्या दशकात तो बावीसवर आला.

इथेच एक व्यवहाराची गोष्ट. चॅनेलवर पुन्हा दाखवताना जास्त जाहिराती बसवायला जुने भाग कापतात. आणि कापतात ते नेमकं पहिल्या पायरीचं शांत दृश्य, जे त्यांना बिनकामाचं वाटतं. त्यामुळे शक्य असेल तर तिथल्या सार्वजनिक वाचनालयातून डीव्हीडी आणा. मुलाच्या कार्डावर फुकट मिळतात. रंग भरलेल्या आवृत्त्या घेऊ नका, मूळ कृष्णधवलच घ्या. फ्रॉइंडचा प्रकाश त्यासाठीच योजलेला आहे.

पेरणी कुठे होते ते शोधा

पुढच्या विनोदाची तयारी आधीच गुपचूप करून ठेवणं म्हणजे पेरणी. ती बघायला 'द हनिमूनर्स' घ्या. 1955-56 मधले एकोणचाळीस भाग. ब्रुकलिनमधला बसड्रायव्हर राल्फ, त्याची बायको अॅलिस, वरच्या मजल्यावरचा मित्र एड नॉर्टन, जो गटारात काम करतो. खोली एकच: टेबल, कपाट, बर्फाची पेटी, खिडकी. आपल्या चाळीतल्या खोलीइतकंच नेपथ्य. राल्फ म्हणजे जॅकी ग्लीसन, नॉर्टन म्हणजे आर्ट कार्नी.

1956 चा '$99,000 आन्सर' हा भाग बघा. राल्फला बक्षिसांच्या कार्यक्रमात संधी मिळते आणि तो 'लोकप्रिय गाणी' हा विषय घेतो. घरी पियानो भाड्याने आणतो, आठवडाभर रात्रंदिवस गाणी घोकतो. नॉर्टन पियानोवर गाणी वाजवणार आणि राल्फने ओळखायची. पण नॉर्टनला वाजवण्याआधी बोटं मोकळी करायची सवय आहे, आणि प्रत्येक वेळी तो त्यासाठी 'स्वानी रिव्हर'चीच सुरावट वाजवतो. राल्फ वैतागतो, खेकसतो. तो वैताग इतका मजेदार आहे की आपण त्यालाच विनोद समजून पोटभर हसतो. राल्फ शेकडो गाणी, गीतकार, सालं पाठ करतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात पहिलाच, सगळ्यांत सोपा प्रश्न येतो: सुरावट वाजते, 'स्वानी रिव्हर', संगीतकार कोण? राल्फचा चेहरा पांढरा पडतो. आणि तो चाचरत म्हणतो, "एड नॉर्टन?"

स्टीफन फॉस्टर हे उत्तर तिथल्या शाळकरी पोरालाही येतं.

दुसऱ्यांदा बघताना ती सुरावट किती वेळा वाजते ते मोजा. आणि प्रत्येक वेळी लेखकाने ती कशाखाली लपवली आहे ते बघा. राल्फच्या रागाखाली. पेरणी करताना प्रेक्षकाला ती पेरणी वाटता कामा नये, म्हणून तिथेच एक छोटा हशा ठेवलेला आहे. ही युक्ती मी एकांकिका बसवताना किती वर्षं शोधत होते!

हशा खरा की यंत्राचा

हे ओळखायला सोपं आहे. हशा चालू असताना नट काय करतो ते बघा. समोर माणसं बसलेली असतील तर नट थांबतो, पण मोकळा थांबत नाही. ग्लीसन डोळे वटारतो, ल्युसिल बॉल ओठ दाबते, कुणी कपातला चमचा ढवळतं. हशा ओसरू लागला की संपायच्या थोडं आधी पुढचं वाक्य येतं. आपल्याकडे याला लाफ्टर घेणं म्हणतात, आणि ते शिकायला याहून चांगली शाळा नाही. जॅक बेनी नावाचा विनोदवीर तर नुसता गालाला हात लावून प्रेक्षकांकडे बघत उभा राहायचा आणि हशा वाढतच जायचा.

ज्या मालिका एका कॅमेऱ्याने, प्रेक्षकांशिवाय केल्या जायच्या, उदाहरणार्थ जादूगारणीची 'बिविच्ड', त्यात हशा नंतर भरलेला असतो. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने त्यासाठी एक पेटी बनवली होती. टंकलेखन यंत्रासारख्या कळा, प्रत्येक कळेखाली वेगळा हशा. तिथे नट थांबत नाही, बोलतच राहतो. म्हणून ती मालिका वाईट ठरत नाही, पण लाफ्टर घेणं शिकायला ती घेऊ नका.

'मॅश' या दोन्हींपेक्षा वेगळी. कोरियातल्या युद्धातलं शस्त्रक्रिया पथक; युद्ध चाललं तीन वर्षं, मालिका चालली अकरा, 1972 ते 1983. करणाऱ्यांना भरलेला हशा नको होता, वाहिनीला हवा होता. तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या दृश्यांना हशा लावायचा नाही. 1975 मधल्या 'अॅबिसिनिया, हेन्री'च्या शेवटी रडार हा कारकून त्या खोलीत येतो आणि वाचून दाखवतो की निरोप देऊन घरी पाठवलेल्या पथकप्रमुख हेन्रीचं विमान पडलं, कुणी वाचलं नाही. हे शेवटचं पान नटांना अगदी ऐनवेळी दिलं होतं. मुखवट्यांमुळे फक्त डोळे दिसतात. कुठेतरी एक उपकरण खाली पडल्याचा आवाज येतो आणि हात पुन्हा कामाला लागतात. हा भाग जेवताना लावू नका.

एका बाईचं हसू दाबणं

माझा सगळ्यांत आवडता भाग 'द मेरी टायलर मूर शो'मधला आहे, 25 ऑक्टोबर 1975 चा. मिनियापोलिसच्या टीव्ही केंद्रात बातम्या विभागात काम करणारी मेरी ही एकटी राहणारी, लग्न न झालेली, नोकरीत मान मिळवणारी बाई, आणि 1970 साली मालिकेच्या मध्यभागी अशी बाई ठेवणं ही मोठी गोष्ट होती. या भागात केंद्रावरचा चकल्स नावाचा विदूषक मरतो. मिरवणुकीत तो शेंगदाण्याच्या वेशात होता आणि हत्तीने त्याला सोलायचा प्रयत्न केला. ऑफिसात सगळे यावर विनोद करतात. मेरी प्रत्येकाला झापते: माणूस गेलाय, लाज वाटत नाही?

मग अंत्यविधी. विनोद करणारे सगळे आता गंभीर, माना खाली. धर्मगुरू चकल्सने रंगवलेल्या पात्रांची नावं एकेक करून घेऊ लागतो, तीही पूर्ण गांभीर्याने. आणि मेरीच्या घशातून एक बारीक आवाज निघतो. ती खोकल्याचं सोंग करते. पुढचं नाव. ती ओठ आत ओढते, छताकडे बघते, पर्समध्ये काहीतरी शोधते. आजूबाजूचे वळून बघतात. प्रत्येक नावासरशी आवाज थोडा मोठा होतो. शेवटी धर्मगुरू तिला उभं करतो आणि मायेने म्हणतो, हसा, चकल्सला लोकांना हसवायलाच आवडायचं, रडलेलं त्याला चाललं नसतं. आणि मेरी हमसून हमसून रडायला लागते.

हा भाग बघताना ती दाबते कशी, एवढंच बघा. मेरी टायलर मूर हसू आणायचा प्रयत्न करत नाही, ते थोपवायचा करते, आणि तो प्रयत्न खरा आहे. दिग्दर्शन जोन डार्लिंग या बाईंचं. कॅमेरा बोलणाऱ्या धर्मगुरूवर कमी आणि ऐकणाऱ्या मेरीवर जास्त आहे. मी सून आणि तिच्या आईसोबत हा भाग बघितला. विहीणबाईंना इंग्रजी बेताचंच येतं, आणि आमच्यात सगळ्यांत आधी त्याच फुटल्या.

जपून बघायचं ते

'ऑल इन द फॅमिली' 1971 ची. तिला मात्र थोडी तयारी लागते. आर्ची बंकर काळ्या लोकांबद्दल, ज्यूंबद्दल, बायकांबद्दल वाटेल ते बोलतो. नातवंडं सोबत असतील तर आधी सांगा की मालिका त्याच्या बाजूने नाही. मग त्याची बायको इडिथ, म्हणजे जीन स्टेपलटन, तिच्याकडे बघा. तिच्या सरळ, निष्पाप एका वाक्याने आर्चीचा सगळा आरडाओरडा फुग्यासारखा बसतो. दोघांच्या त्या दोन खुर्च्या आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. 'लुसी'तही काही भागांत रिकी बायकोला मुलासारखं मांडीवर घेऊन फटके मारतो आणि प्रेक्षक हसतात. ते मला आवडत नाही आणि मी ते मुलांना तसंच सांगते.

माझ्या वयाच्या बायकांनी 'द गोल्डन गर्ल्स' सोडू नये. मायामीत एकत्र राहणाऱ्या चार बायका, 1985 ते 1992. त्यातली आई झालेली एस्टेल गेटी प्रत्यक्षात मुलगी झालेल्या बिया आर्थरपेक्षा वर्षाने लहान होती. बेटी व्हाइट आणि रू मॅक्लॅनहन यांच्या भूमिका आधी उलट ठरल्या होत्या. अदलाबदल केली आणि दोघी फुलल्या. भूमिका वाटताना मी हे विसरत नाही. बिया आर्थरची नुसती नजर एका बाजूला आणि इतर तिघींची सगळी वाक्यं दुसऱ्या बाजूला, असं ते पारडं आहे.

'साइनफेल्ड' आणि 'फ्रेंड्स' तुमच्या घरची मुलं बघतातच, त्यांना मी इथे घेत नाही.

परत आल्यावर संमेलनासाठी शाळेने बोलावलं. सहावीच्या मुलांना मी वर्गातल्या मोठ्या टीव्हीवर चॉकलेटचा तो प्रसंग आवाज बंद करून तीनदा दाखवला. मग दोन बाकं जोडून वर चादर पसरली, दोन मुलं दोन टोकांनी ती ओढणार, आणि वर राजगिऱ्याचे लाडू. दोघी मुली ते पाकिटात भरणार. पहिल्या तालमीत मुख्य काम करणारी मुलगी चादर हलायच्या आधीच घाबरली. दुसऱ्या तालमीत तिला सांगितलं की पहिली सहा पाकिटं आजीला दाखवायची असल्यासारखी भर, कडा दुमडून, आणि तोवर मैत्रिणीकडे बघायचंसुद्धा नाही. तिसऱ्या तालमीत तिने सहा पाकिटं तशीच भरली. सातव्याला लाडू हातातून निसटला, तिने तो पकडला, पाकिटाकडे बघितलं, मैत्रिणीकडे बघितलं आणि सावकाश तोंडात टाकला. खिडकीशी घंटेची वाट बघत उभे असलेले शिपाईमामा मोठ्याने हसले, आणि ती मुलगी त्यांचं हसणं थांबेपर्यंत लाडू चावत उभी राहिली.